आधी पाण्यात थांबायला शिका, मग समुद्रात उतरा

वाचकाचे पत्र

माझे वय ४८ असून मी सांगलीत एका बँकेत नोकरी करते. चाळिशी ओलांडल्यावर पोहायला शिकले आणि आता आठवड्यातून चार दिवस महिलांच्या सकाळच्या बॅचला २५ मीटरच्या तलावात एक किलोमीटर पोहते. आमच्या बॅचमधील तिघीजणींनी येत्या डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत तीन किलोमीटरसाठी नाव द्यायचे ठरवले आहे आणि मलाही आग्रह चालला आहे. मनातून फार इच्छा आहे. पण गेल्या मार्चमध्ये तारकर्लीला गेलो असताना सहज पोहायला उतरले, पाय टेकेनासे झाले, पाण्याखाली काही दिसेना आणि एकाएकी श्वास अडकला. हातपाय चालत होते, पण दम पुरेना. कशीबशी परत आले. मला रक्तदाबाची सौम्य गोळी चालू आहे. सासूबाई म्हणतात, समुद्राशी खेळ नको. यजमानांची हरकत नाही, पण त्यांना पोहता येत नाही. मी नाव द्यावे का? आणि ती भीती जाईल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देते, म्हणजे पुढचे वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. येत्या डिसेंबरात तीन किलोमीटरसाठी नाव देऊ नका. समुद्रात पोहायला मात्र जरूर सुरुवात करा, आणि खाली सांगते ती तयारी नोव्हेंबरअखेरपर्यंत झाली तर तुमच्या वयोगटासाठी जे सर्वांत लहान अंतर असेल त्यात निःशंक मनाने उतरा. चाळिशीनंतर पोहायला शिकून, नोकरी आणि घर सांभाळून जी बाई आठवड्यातून चार पहाटे तलावावर हजर राहते, तिला समुद्र जमणार नाही असे मानायला मला काही कारण दिसत नाही. वयाचा अडसर तर मुळीच मानू नका. लांब पल्ल्याचे पोहणे हा दमाचा आणि सबुरीचा व्यायाम आहे, आणि सबुरी पंचविशीपेक्षा पन्नाशीच्या उंबरठ्यावर अधिक असते.

तारकर्लीला तुमचे नेमके काय झाले, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मार्चमध्ये तिथले पाणी कोमट असते, त्यामुळे थंडीने श्वास आखडला असे म्हणता येत नाही. तलावात तुम्हाला तळाची फरशी दिसते, तिच्यावरची काळी रेघ दिसते आणि पंचवीस मीटरवर भिंत आहे याची शरीराला खात्री असते. समुद्रात हे तिन्ही आधार एकदम सुटले. अशा वेळी माणूस नकळत श्वास रोखून धरतो. तोंड पाण्याबाहेर आले की घाईने आणखी हवा आत ओढतो, पण आधीची हवा पुरती बाहेर सोडत नाही, त्यामुळे छाती भरलेलीच राहते, रक्तात कर्बवायू साठत जातो आणि तोच जीव घाबरा करतो. हवा कमी पडते आहे असे वाटत असते, प्रत्यक्षात आतली हवा बाहेर गेलेली नसते. त्यात तुम्ही घाबरून हातपाय अधिक जोरात मारलेत, त्यामुळे दम आणखी लागला. यात तुमच्या ताकदीचा किंवा धैर्याचा काही दोष नव्हता. खोल पाण्यात थांबून श्वास कसा सावरायचा, हे तुम्हाला कोणी शिकवलेच नव्हते, कारण तलावात त्याची गरज पडत नाही. दम लागला की आपण कठडा धरतो.

या कठड्याचा हिशेब एकदा मांडून पाहा. पंचवीस मीटरच्या तलावात एक किलोमीटर म्हणजे ४० फेऱ्या, आणि ४० फेऱ्यांत ३९ वेळा भिंत येते. प्रत्येक वेळी तुम्ही पायाने भिंतीला रेटा देता आणि दोन-तीन मीटर तरी हात न मारता पुढे सरकता, शिवाय वळताना अर्धा श्वास जास्तीचा मिळतो. म्हणजे तुमच्या एका किलोमीटरमधले शे-सव्वाशे मीटर भिंतीने दिलेले आहेत. समुद्रात ते कोणी देत नाही. उलट लाटांमुळे आणि दिशा चुकल्यामुळे सरळ रेषेतल्या एका किलोमीटरला प्रत्यक्षात त्याहून जास्त पोहावे लागते. तीन किलोमीटरला नको म्हणते त्यामागे हे एक कारण आहे. दुसरे आणि मोठे कारण असे की तुमच्या मैत्रिणी अंतराचा विचार करत आहेत आणि समुद्रात अंतर हा सर्वांत शेवटी येणारा प्रश्न आहे. पाण्यात मधेच थांबता येणे, थांबून आजूबाजूला पाहता येणे आणि वाटल्यास परत फिरण्याचा निर्णय शांतपणे घेता येणे, हे ज्याला येते त्यालाच समुद्रात पोहता येते असे मी मानते.

म्हणून पहिला महिनाभर अंतर वाढवण्याच्या फंदात पडू नका आणि पाठीवर तरंगायला शिका. तुम्हाला ते येत असेल, पण बहुतेकांना येते ते पाय मारत तरंगणे. मी सांगते आहे ते पूर्ण निश्चल तरंगणे. तलावाच्या खोल बाजूला, प्रशिक्षकांना सांगून, कठड्यापासून दूर जाऊन उताणे व्हा. कान पाण्यात बुडू द्या, हनुवटी किंचित वर करा, हात डोक्याच्या दिशेने सैल सोडा. छाती भरून श्वास घ्या आणि तो सोडताना घाई करू नका. पाय हळूहळू खाली जातील, जाऊ द्या. पुष्कळ जणांचे शरीर तिरके किंवा जवळजवळ उभेच तरंगते, त्यात काही बिघडत नाही, नाक-तोंड पाण्याबाहेर राहिले म्हणजे झाले. सुरुवातीला चेहऱ्यावरून पाणी जाईल आणि उठून बसावेसे वाटेल. नेमक्या त्याच क्षणी न उठता ओठ मिटून नाकातून हवा सोडायची, पाणी ओघळून जाऊ द्यायचे आणि पुढचा श्वास घ्यायचा. असे पाच मिनिटे राहता आले की तुमच्या भीतीचा मोठा भाग तलावातच मागे पडलेला असेल. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे तलावात जे कष्टाने साधते ते तिथे सहज साधते.

तरंगण्याच्या जोडीला खोल पाण्यात उभ्याने थांबायचाही सराव करा आणि तसे थांबलेले असताना गॉगल काढा, त्यातले पाणी झटका आणि पुन्हा घाला. ही गोष्ट फार क्षुल्लक वाटते, पण समुद्रात पहिल्यांदा गॉगलमध्ये खारे पाणी शिरून डोळे चुरचुरतात तेव्हा तलावातली अट्टल पोहणारी माणसेही गडबडून जातात. पोहण्याच्या पद्धतीतही थोडा बदल करावा लागेल. तोंड पाण्यात असताना हवा सतत, बुडबुड्यांच्या रूपात, सोडत राहायची. शेवटच्या क्षणाला एकदम फुंकायची नाही. श्वास दोन्ही बाजूंनी घेता आला पाहिजे, कारण लाट उजवीकडून येत असेल आणि तुम्हाला उजवीकडेच श्वास घेता येत असेल तर प्रत्येक श्वासाला घोटभर पाणी पोटात जाईल. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोर पाहायचे आणि मान लगेच खाली घेऊन नेहमीप्रमाणे बाजूला श्वास घ्यायचा. पूर्ण डोके वर काढले की कंबर आणि पाय खाली जातात आणि मानेला त्रास होतो. आपण कोणत्या बाजूला भरकटतो हे ओळखण्यासाठी रिकामी रांग मिळाली तर डोळे मिटून दहा हात मारून पाहा. बहुतेक प्रत्येकाचा एक हात दुसऱ्यापेक्षा जोरकस असतो, आणि तलावातल्या काळ्या रेघेमुळे ते कधी कळलेले नसते.

आठवड्यातल्या चारपैकी एका दिवशी भिंतीला स्पर्श न करता पोहा. भिंतीच्या मीटरभर अलीकडे वळायचे, रेटा द्यायचा नाही, पाय टेकायचे नाहीत. पहिल्या दिवशी चारशे मीटरलाच दम लागला तर निराश होऊ नका. तुमचे खरे अंतर तेवढे आहे असे समजा आणि तिथून ते आठवड्याला थोडे थोडे वाढवा. खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले तर दोन दिवस विश्रांती घ्या. तो खांदा आणखी वर्षानुवर्षे वापरायचा आहे.

तुम्ही विचारलेले नाही, पण सांगलीकर म्हणून तुमच्या मनात येईल म्हणून लिहिते: उघड्या पाण्याचा सराव हवा म्हणून कृष्णेत उतरू नका. सांगलीच्या पट्ट्यात कृष्णेत मगरींचा वावर आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, आणि पावसाळ्यातल्या पाण्याची ओढ कोणालाही आवरणारी नाही. ओळखीच्या कोणाच्या शेतात स्वच्छ, पायऱ्यांची मोठी विहीर असेल आणि काठावर पोहणारे माणूस उभे असेल तर तिथे जरूर उतरा. तळ न दिसणाऱ्या काळ्या पाण्याची सवय व्हायला विहिरीसारखी जागा नाही. आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या मुले पाठीला डबा किंवा भोपळा बांधून तिथेच पोहायला शिकली, आणि तळ दिसत नाही म्हणून ती कधी थांबली नाहीत.

आता समुद्राकडे वळू. सध्या पावसाळा आहे आणि या दिवसांत कोकणच्या समुद्रात पोहायला उतरण्याचा विचारही करायचा नाही. खुद्द दर्यावर पोट असलेले लोक नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटत नाहीत, त्या समुद्रात हौसेने उतरणाऱ्याने त्याहून अधिक थांबावे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून पाणी निवळते आणि पुढे फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला.

दिवस आणि वेळ निवडताना पंचांग उघडा. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना आडाखा असा आहे की तिथीला पाऊणने गुणायचे, येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते, आणि साधारण साडेबारा तासांनी पुन्हा होते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, दशमीला साडेसातच्या सुमारास. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण असते, म्हणजे पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि त्याची ओढही जास्त असते. अष्टमीच्या पुढच्या दोन-तीन दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे चढउतार सर्वांत कमी आणि पाणी त्यातल्या त्यात संथ. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर जाते, मालवण-गोव्याकडे चढउतार त्याच्या निम्म्यावर येतो, पण ओढ तिथेही असते. भरती-ओहोटीच्या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगाने हलत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात ते जेमतेम सरकते आणि मधल्या दोन तासांत निम्मे पाणी वाहून जाते, त्यामुळे ओढ त्या वेळी सर्वांत जोराची असते.

आता वाऱ्याचा विचार करा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे हलके मतलई वारे वाहतात आणि पाणी सपाट असते. ऊन चढले की समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि दुपारपर्यंत पाण्यावर खळबळत्या, आखूड लाटा उठतात, ज्यांत नवख्या माणसाला श्वास घेणे अवघड जाते. हे सगळे एकत्र मांडले तर तुमच्यासाठी मुहूर्त आपोआप निघतो. दशमी किंवा एकादशीची सकाळ, शुद्ध असो वा वद्य. उजाडलेले असते, वारा पडलेला असतो, भांगाचे पाणी असते आणि साडेसात-आठच्या सुमारास भरती पुरी होत असल्याने त्याआधीच्या तासाभरात पाण्याची जी काही ओढ असेल ती किनाऱ्याकडे असते. हा अंदाज झाला. त्या दिवशीचे भरतीचे छापील वेळापत्रक पाहून आणि स्थानिक माणसाला विचारून मगच पाण्यात पाय ठेवायचा. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे ३६ किलोमीटरचे अंतर पोहणारे कसलेले जलतरणपटूही आपली वेळ भरती-ओहोटी पाहूनच ठरवतात.

स्थानिक माणूस म्हणजे मच्छीमार किंवा तिथे नियमित पोहणारा, हॉटेलचा व्यवस्थापक नव्हे. मालवणच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली खडक पुष्कळ आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या ठरलेल्या वाटेने जातात ते त्यामुळेच. कुठे वाळू आहे, कुठे खडक, कुठे पाणी ओढते, हे मच्छीमाराला पाठ असते. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, लावलेली असेल तर त्या बाजूला अजिबात जाऊ नका. जाळ्यात पाय अडकण्याचा धोका आहेच, शिवाय दोन्ही टोकांना दोर ओढणाऱ्या माणसांच्या मेहनतीच्या आड आपण आपल्या व्यायामासाठी यावे हे बरे नव्हे. पर्यटकांच्या वेगवान होड्या आणि वॉटर स्कूटर जिथे फिरतात तो भागही टाळा. ती गर्दी वाढण्याच्या आत तुम्ही पाण्याबाहेर आलेल्या असाव्यात. गोव्याकडे गेलात तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच उतरा.

परतीच्या ओढीविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण पोहता येणारी माणसे बुडतात ती बहुधा हिच्यामुळे. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने समुद्राकडे वाहते. किनाऱ्यावर उंच जागी उभे राहून दहा मिनिटे पाहिलेत तर हा पट्टा ओळखता येतो: दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटत असतात आणि मधल्या चिंचोळ्या भागात त्या फुटत नाहीत, तिथले पाणी जरा गढूळ असते आणि त्यावरचा फेस, पालापाचोळा आत समुद्राकडे सरकत असतो. दुर्दैव असे की अनोळखी माणसाला तीच जागा शांत आणि सुरक्षित वाटते. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, कारण त्यात पट्टीच्या पोहणाऱ्याचीही दमछाक होते. ती ओढ माणसाला खाली खेचत नाही, फक्त आत नेते. आधी उताणे होऊन श्वास सावरायचा, मग किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचे आणि लाटा फुटत असतील तिथून परत यायचे. आडवे जाण्याइतके बळ नसेल तर तरंगत राहून एक हात उंच करून मदत मागायची. पाच मिनिटे निश्चल तरंगण्याचा आग्रह मी का धरला, ते इथे कळेल.

पहिल्या दिवशी पोहण्याचा बेत करूच नका. कमरेएवढ्या पाण्यात दहा मिनिटे उभे राहा, चेहरा पाण्यात घालून फक्त श्वास सोडा, लाट अंगावरून जाऊ द्या. मग छातीएवढ्या पाण्यात उताणे व्हा. त्यानंतर किनाऱ्याला समांतर, हवे तेव्हा पाय टेकतील अशा खोलीवर, पन्नास-साठ मीटर जा आणि या. छाती भरून येते आहे असे वाटले तर हात मारणे थांबवा, पाठीवर व्हा, लांब श्वास सोडत दहा श्वास मोजा, मग डोके वर ठेवून ब्रेस्टस्ट्रोकने किनाऱ्याकडे पाहत चार हात मारा आणि बरे वाटले तरच पुढे जा. हा क्रम दम लागलेला नसतानाही दोन-तीनदा मुद्दाम करा, म्हणजे गरज पडेल तेव्हा शरीर तो आपणहून करील. तुम्ही विचारता भीती जाईल का. पूर्णपणे जाणार नाही आणि जाऊही नये, पण ती आली की काय करायचे हे माहीत असल्याने ती तुम्हाला उधळून लावणार नाही.

सामानात एका गोष्टीवर पैसे खर्च करा. कमरेला पट्ट्याने बांधून मागे ओढायचा, केशरी रंगाचा हवा भरलेला फुगा मिळतो. त्यामुळे तुम्ही लांबून दिसता आणि दमल्यावर त्याला धरून विसावता येते. टोपीही भडक रंगाची घ्या. निळी टोपी समुद्रात दिसत नाही. उघड्या किनाऱ्यावर पोशाखाचा संकोच वाटत असेल तर पोहण्याच्या कापडाचा, पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंतचा अंगाबरोबरचा पोशाख घ्या. ऊन आणि जेलीफिश या दोन्हींपासून तो वाचवतो. सुती पंजाबी ड्रेस घालून मात्र खोल पाण्यात कधीही जाऊ नका, तो भिजल्यावर जड होतो आणि हातापायांत अडकतो. खाऱ्या पाण्यात मान आणि काखा घासून सोलवटतात, तिथे आधी व्हॅसलीन लावा. जेलीफिशचा दंश झाला तर ती जागा चोळू नका आणि गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले तंतू चिमट्याने काढून, सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग पंधरा-वीस मिनिटे ठेवला की ठणका बहुधा कमी होतो. श्वासाचा त्रास, उलट्या किंवा अंगभर पित्त उठले तर थेट दवाखाना गाठा.

रक्तदाबाबद्दल मी कानाडोळा करणार नाही. तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा की मला समुद्रात लांब पोहायचे आहे, आणि त्यांच्याकडून हृदयाची तपासणी करून घ्या. गोळी कोणती आणि कोणत्या वेळी घ्यायची हेही विचारा, कारण काही गोळ्यांनी व्यायामात नाडी वाढत नाही आणि काहींनी अंगातले पाणी कमी होते. उघड्या पाण्यात पोहताना क्वचित काहींच्या फुप्फुसांत पाणी साचते, आणि रक्तदाब असलेल्या, मध्यम वयाच्या स्त्रियांना हा धोका इतरांहून अधिक आहे. पोहताना अकारण धाप लागणे, सतत खोकला येणे, छातीत घरघर, थुंकीला फेस किंवा गुलाबी छटा, यांपैकी काहीही जाणवले तर तो घाबरल्याचा दम समजून पुढे रेटू नका. लगेच बाहेर या, बसून राहा आणि रुग्णालयात जा. कोमट पाण्यातही घाम येतो पण कळत नाही, म्हणून उतरण्याआधी आणि नंतर पाणी प्या.

एकटीने कधीही उतरू नका. पुण्याच्या रोहन मोरे यांनी इंग्लिश खाडीसह जगातील सात अवघड सामुद्रधुन्या पोहून २०१८ मध्ये तो मान मिळवणारे पहिले भारतीय होण्याचा विक्रम केला, तेव्हा त्या प्रत्येक वेळी सोबत होडी होती, तिच्यावर लक्ष ठेवणारी माणसे होती आणि ठरलेले नियम होते. त्या पातळीवरचा माणूस सोबतीशिवाय पोहत नाही, तर आपण कशासाठी पोहावे? तुमच्या तिघी मैत्रिणींनाही हे पत्र वाचायला द्या. त्यांच्यातील कोणी आजवर समुद्रात पोहलेली नसेल तर तीन किलोमीटरचा सल्ला मी त्यांनाही देणार नाही, आणि चौघींनी मिळून दशमीच्या सकाळी मालवण गाठले तर सोबतीचा प्रश्नही सुटेल.

नोव्हेंबरअखेरची कसोटी अशी ठेवा. तलावात भिंतीला न शिवता दीड किलोमीटर. समुद्रात पाठीवर निश्चल पाच मिनिटे. किनाऱ्याला समांतर, जोडीदारासह, पाय न टेकता एक किलोमीटर, तेही निदान दोन वेगळ्या दिवशी. हे जमले तर नाव द्या. स्पर्धेच्या दिवशी सगळ्यांबरोबर पाण्यात झेप घेऊ नका. सुरुवातीला हातपाय एकमेकांना लागतात, पाणी घुसळून निघते, तेव्हा मागे किंवा कडेला राहून गर्दी पुढे गेल्यावर निघा. नाही जमले तर किनाऱ्यावरून मैत्रिणींची स्पर्धा पाहा आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या दशम्या आहेतच.

सासूबाईंचे म्हणणे उडवून लावू नका. समुद्राबद्दलचा त्यांचा धाक रास्त आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष तेवढा मला मान्य नाही. त्यांना वाद घालून पटवण्यापेक्षा कोणत्या तिथीला, किती वाजता, कोणासोबत उतरणार आणि कोण काठावर असणार, हे सगळे आधी सांगा. पंचांग पाहून ठरवलेल्या गोष्टीला त्यांच्याकडून कदाचित कमी विरोध होईल.

यजमानांना पोहता येत नाही, तरी काठावरचे सर्वांत महत्त्वाचे काम त्यांचेच आहे. त्यांनी तुमच्या केशरी फुग्यावरून नजर हलवायची नाही, मोबाइल फक्त फोन करण्यासाठी हातात ठेवायचा आणि तुम्ही किती वाजता परत येणार हे घड्याळ पाहून लक्षात ठेवायचे. तुम्ही एक हात उंच करून हलवलात तर ती मदतीची खूण, हे दोघांनी उतरण्याआधी ठरवून घ्या. ती खूण दिसली तर त्यांनी स्वतः पाण्यात उडी मारायची नाही, हे त्यांच्याकडून वचन म्हणून घ्या, कारण बुडणाऱ्याला वाचवायला गेलेला न पोहणारा माणूस आधी बुडतो. जवळच्या होडीवाल्याला हाक मारायची, हवा भरलेली ट्यूब दोराला बांधून तयार असेल ती फेकायची, आणि ११२ किंवा १०८ वर फोन करायचा. ती ट्यूब आणि वीस-पंचवीस मीटरचा दोर सांगलीहून निघतानाच गाडीत टाका.